डोंगर साफ करताना काय ठेवायचे?

दसरा उलटला की पनवेलच्या पूर्वेकडच्या डोंगरांत शिरायला वाट सापडत नाही. नेऱ्याहून मालडुंगे, धोदाणीकडे जाताना प्रबळगड आणि माथेरानच्या पायथ्याचे उतार दिसतात. चार महिन्यांत तिथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून गेलेला असतो. गवत छातीला लागते, करवंदीच्या जाळ्या एकमेकींत गुंततात, मोकळ्या जागा घाणेरी आणि रानमोडी भरून टाकतात. अशा उतारावर ज्याची एक-दोन एकर वरकस जमीन आहे, त्याला याच दिवसांत पुढच्या पावसाचे वेध लागतात. आंबा लावायचा, काजू लावायचा किंवा नुसते जंगल वाढवायचे, पण त्याआधी हे रान साफ करायचे कसे?

हल्ली याचे सर्वांत सोपे उत्तर जेसीबी देतो. दोन दिवसांत झुडपे, खुंट, मुळे, दगड सगळे एका कडेला ढकलले जाते आणि डोंगराचा मुरूम उघडा पडतो. मालकाला जमीन पहिल्यांदाच नीट दिसते, आणि ती दिसते म्हणून काम चांगले झाले असे वाटते. जूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर मात्र त्या उतारावर बोट-बोट खोलीच्या घळी पडतात आणि ओढ्याचे पाणी तांबूस होते. बेसाल्टच्या कातळावर साचलेला इथला मातीचा थर मुळातच पातळ असतो. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, वाहून जायला एक पावसाळा पुरतो.

ही माती जाते कुठे, हे पनवेलकरांना ठाऊक आहे. गाढी नदीच्या वरच्या अंगाला असलेले देहरंग धरण शहराला पाणी पुरवते. गाळ साचत गेल्याने त्याची साठवण घटली आहे आणि उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईच्या चर्चेत गाळ काढण्याचा विषय पुन्हा पुन्हा निघतो. हा सगळा गाळ काही रान साफ करण्यामुळे आलेला नाही. पण उघडा पडलेला प्रत्येक उतार त्यात भर घालतो.

म्हणून डोंगर साफ करणे हे निवडीचे काम आहे. काय तोडायचे हे ठरवण्याआधी काय ठेवायचे हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी समोरच्या गर्दीत कोण कोण उभे आहे ते ओळखावे लागते.

गर्दीतली इथली आणि उपरी झाडे

दुरून सारखीच हिरवी दिसणारी ही गर्दी जवळून पाहिली तर तिचे तीन भाग पडतात.

पहिला भाग इथल्या जुन्या झुडपांचा. करवंद, कुडा, धायटी, दिंडा, रामेठा, कारवी ही सगळी सह्याद्रीच्या उतारावरची मंडळी. यांतले प्रत्येक काही ना काही काम करत असते. करवंदीच्या काटेरी जाळीत गुरांचे तोंड जात नाही, म्हणून जांभूळ, ऐन, बेहडा यांची रोपे नेमकी तिथेच जगतात. कुड्याच्या पानांत चीक असल्याने जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि तोडला तरी तो बुंध्यातून पुन्हा फुटतो. धायटीच्या लाल फुलांवर उन्हाळ्याच्या तोंडाला सूर्यपक्षी येतात, आणि हीच फुले आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांच्या आंबवणीत वापरली जातात. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये बहरली. बी धरल्यावर ती मरते आणि त्याच बियांतून नवी पिढी उगवते. तिच्या सरळ काठ्यांच्या कुडाच्या भिंती आदिवासी वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या.

या झुडपांच्या सावलीत जमिनीखाली आणखी एक वस्ती असते, ती कंदांची. पहिल्या पावसाबरोबर शेवळ्याचे कोंब वर येतात. कातकरी आणि ठाकर बायका ते जंगलातून आणून पनवेलच्या बाजारात विकतात, आणि घशाला खाज येऊ नये म्हणून भाजीत घालायची काकडाची फळेही सोबत असतात. जेसीबीने उलथलेल्या उतारावर ही भाजी पुन्हा लवकर दिसत नाही.

दुसरा भाग झाडांच्या खुंटांचा. ऐन, साग, किंजळ, हेद, बोंडारा, पळस. कधीतरी तोडलेली, जळलेली, गुरांनी खुरटलेली ही झाडे कमरेएवढ्या झुडपासारखी दिसतात. त्यांच्या बुंध्यातून आठ-दहा फुटवे एकदम आलेले असतात, त्यामुळे ती झाडे आहेत हे पटकन लक्षातच येत नाही.

तिसरा भाग उपऱ्यांचा. घाणेरी, म्हणजेच टणटणी, ही मूळची दक्षिण व मध्य अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. तिची काळी फळे बुलबुलासारखे पक्षी खातात आणि बिया रानभर पेरतात. भारतीय वन्यजीव संस्थेतल्या निनाद मुंगी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासातील जंगलांत घाणेरीने दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र व्यापले आहे. रानमोडीही अमेरिकेतलीच. तिच्या केसाळ बिया वाऱ्यावर उडतात, आणि उन्हाळ्यात तिची वाळलेली खोडे वणव्याला वाट देतात. त्यांच्या जोडीला रानतुळस असते, आणि वस्तीजवळ सुबाभूळ.

तोडायचा आहे तो हा तिसरा भाग. पहिला बराचसा ठेवायचा आहे, आणि दुसरा वाढवायचा आहे.

कोयत्याचा जुना हिशेब

डोंगर साफ करून पेरणे या भागाला नवे नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांत घरोघर होती. उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांचा कवळ, म्हणजे पानांसह फांद्या, तोडायचा, शेण, पालापाचोळा, गवत यांच्यासह तो रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरायचा, वर बारीक माती टाकायची आणि पाऊस येण्याआधी पेटवायचे. तणाचे बी जळते, राख मिळते, रोपे जोमाने येतात. यासाठी झाड मुळापासून कोणी तोडत नसे. फांद्या उतरवायच्या आणि झाड पुढच्या वर्षासाठी राखायचे, कारण पुढच्या वर्षीही कवळ लागणारच होता.

वरच्या उतारांवर वरकस पिके होती. रान तोडून भाजायचे, पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग तीळ किंवा खुरासणी, आणि त्यानंतर ती जागा काही वर्षे पडीक सोडायची. बुंधे जमिनीत तसेच असायचे, त्यामुळे पडीक काळात रान परत उभे राहायचे. वनखात्याने आदिवासींना डोंगरउतारावर गटाने कसायला दिलेल्या जमिनींना रायगडमध्ये दळी जमिनी म्हणतात. त्यांच्या हक्काचा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत आणि त्यानंतरही चालत आला आहे.

ब्रिटिश वनखात्याला राब आणि रान भाजून घेतलेली वरकस पिके दोन्ही खटकत होती. १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगर राखीव होऊ लागले आणि तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्यात राबाच्या प्रश्नाची सविस्तर चर्चा आहे. वाद मिटला नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी पनवेलजवळच्या, आज उरण तालुक्यात असलेल्या चिरनेर गावी अक्कादेवीच्या टेकडीवर लोक कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन जंगल सत्याग्रहासाठी जमले. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी चिरनेरला त्यांना मानवंदना दिली जाते. डोंगरावर कोयता चालवण्याचा हक्क या भागाने असा रक्त सांडून मागितलेला आहे.

त्या जुन्या पद्धतीत राखेची आणि आगीची बाजू आज परवडणारी नाही. लोकसंख्या वाढली, पडीक ठेवायचा काळ घटला, आणि खारघरपासून प्रबळगडापर्यंतच्या डोंगरांना उन्हाळ्यात लागणारे वणवे आधीच खूप आहेत. पण बुंधा जिवंत ठेवण्याचे शहाणपण त्यातून जसेच्या तसे उचलण्यासारखे आहे.

बुंध्यात दडलेले जंगल

या शहाणपणाची सर्वांत मोठी साक्ष आफ्रिकेतून मिळते. नायजर देशातल्या माराडी भागात टोनी रिनॉडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाडे लावायचे काम करत होता. बरीचशी रोपे मरत होती. एके दिवशी शेतातली झुडपे त्याने नीट पाहिली, तेव्हा ती तोडलेल्या झाडांच्या खुंटांवरचे फुटवे असल्याचे त्याच्या ध्यानात आले. जमिनीखाली पूर्ण वाढलेली मुळे शाबूत होती. शेतकऱ्यांनी प्रत्येक खुंटावरचे एक-दोन जोमदार फुटवे राखून बाकीचे छाटायला सुरुवात केली. पुढच्या काही दशकांत नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडे परत आली, आणि तीही रोपवाटिकेतून एक रोप न आणता. रिनॉडोला २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

माराडीत पाऊस जेमतेम. पनवेलच्या डोंगरावर तो त्याच्या कित्येक पट. इथे ऐनाचा एक राखलेला फुटवा एका पावसाळ्यात माणसाच्या उंचीचा होऊ शकतो. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाला तेवढे व्हायला काही वर्षे लागतात आणि तोवर त्याला गुरे, वाळवी, उन्हाळा या सगळ्यांतून वाचावे लागते. ज्याला जंगलच वाढवायचे आहे, त्याची निम्मी लागवड आधीच उतारावर उभी असते.

म्हणून कोयता उचलण्याआधी एक दिवस नुसते फिरावे. सोबत त्या वाडीतला एखादा ठाकर किंवा कातकरी जाणता माणूस असावा. पानावरून, सालीवरून, चिकावरून झाड ओळखणारी ही माणसे प्रत्येक वाडीत आहेत आणि त्यांचा तो दिवस मजुरीच्या दिवसाइतकाच कामाचा धरून त्याचे पैसे द्यावेत. ठेवायच्या प्रत्येक खुंटाला, रोपाला, करवंदीच्या जाळीला चुन्याची किंवा रंगीत चिंधीची खूण करावी. तोडणारे हात नंतर येतात आणि घाईत असतात. त्यांना खूण दिसली पाहिजे.

किती जागा मोकळी करायची

फळबाग लावणाऱ्याचा आक्षेप इथे ठरलेला असतो: जंगलाचे ठीक, पण आंब्याला मोकळी जागा लागते. ती किती लागते, याचा हिशेब सोपा आहे.

हापूसची कलमे रूढ पद्धतीने १० बाय १० मीटरवर लावली, तर हेक्टरी १०० कलमे बसतात. प्रत्येकाचा खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. म्हणजे खड्ड्यांनी व्यापलेली जागा १०० चौरस मीटर, हेक्टरच्या अवघा एक टक्का. प्रत्येक कलमाभोवती तीन मीटर व्यासाचे वर्तुळ स्वच्छ ठेवले, तरी ते सगळे मिळून सुमारे ७०० चौरस मीटर होते, म्हणजे सात टक्के. काजू ७ बाय ७ मीटरवर लावला तर हेक्टरी २०४ झाडे आणि स्वच्छ जागा सुमारे चौदा टक्के. येण्याजाण्याच्या वाटा धरल्या तरीही पाऊण डोंगर झाकलेला राहू शकतो.

कलमाला ऊन हवे, यात शंका नाही. त्यासाठी मधल्या झुडपांची उंची कमरेच्या आत ठेवावी, वर्षातून एक-दोनदा वरून छाटावी आणि मुळे जागेवर राहू द्यावीत. सावली करणाऱ्या मोठ्या झाडाच्या फांद्या उतरवता येतात. समपातळीत, म्हणजे उताराला आडव्या, झुडपांच्या पट्ट्या राखल्या की दोन ओळींतल्या पाण्याचा वेग तिथे तुटतो आणि वाहत आलेली माती पट्टीच्या वरच्या अंगाला साचते.

तोडणी

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तोडणीचा चांगला काळ. जमिनीत ओल असते, त्यामुळे घाणेरीची लहान रोपे हाताने उपटून येतात. रानमोडी हिवाळ्यात फुलते, ती फुलण्याआधी कापली तर त्या वर्षी तिचे बी पडत नाही. पक्ष्यांच्या विणीचा मुख्य हंगाम उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असतो, तोही टळतो. एप्रिल-मेमध्ये तोडणी केली तर सगळा पाला वाळून पडतो आणि एका ठिणगीला डोंगर पुरत नाही.

घाणेरी नुसती वरून कापली तर पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटते. मुळासकट उपटायला गेले तर उतारावरची माती सैल होते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक पद्धत बसवली आणि कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली. कुदळीने बुंध्याभोवतीची थोडी माती सारायची, मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे मुळाकडचा भाग वर येतो आणि पुन्हा रुजत नाही. घाणेरीला फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळते त्या भागातून. तो भाग निघाला की खालचे मूळ तसेच राहिले तरी चालते, आणि माती हलत नाही. यानंतर मोठ्या झाडांखाली लक्ष ठेवावे लागते. पक्षी तिथे बसतात आणि घाणेरीची नवी रोपे तिथेच सर्वांत आधी दिसतात.

निघालेल्या घाणेरीच्या काठ्याही फुकट जात नाहीत. कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरांत सोलिगा आदिवासी त्यांच्यापासून खुर्च्या-टेबले आणि हत्तींच्या आकाराच्या मोठ्या मूर्ती बनवतात.

हत्यारांत कोयता, कुदळ आणि पहार पुरेशी आहेत. गवतासाठी पेट्रोलवर चालणारे ग्रासकटर वेळ वाचवते, पण दगडाळ उतारावर त्याचे पाते खडे उडवते आणि खुणेची रोपेही क्षणात कापून टाकते. म्हणून आधी कोयत्याने खुणेच्या रोपांभोवती मोकळे करून मगच यंत्र आणावे. डोळ्यांना जाळीचा किंवा काचेचा मुखवटा आणि पायात गमबूट हवेतच.

या गर्दीत इजा करणारेही पुष्कळ असते. खाजकुयलीच्या शेंगांची लव अंगावर पडली तर तासभर सुचत नाही. गांधीलमाश्यांची घरटी पानांआड लटकलेली असतात. वाळल्या पाल्यात फुरसे दिसत नाही इतके रंगाने मिळते, आणि दगड उचलताना खाली लाल विंचू असू शकतो. या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरता येते, हे रायगड जिल्ह्यातल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगाला दाखवून दिले. त्यानंतर या दंशाने होणारे मृत्यू खूप घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दगड हाताने न उचलता आधी पहारीने कलता करावा, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

तोडलेला पाला आणि उताराचे दगड

तोडलेल्या रानाचा ढीग करून काडी लावणे ही जुनी सवय. ढिगाखालची माती भाजते, त्यातले जीव मरतात, आणि वारा फिरला तर शेजारचा डोंगर जातो. त्यापेक्षा बारीक पाला खड्ड्यांसाठी राखावा आणि जाड फांद्या उताराला आडव्या, खुंटांना अडकवून, लांबलचक ओळीत रचाव्यात. बी धरलेली घाणेरी आणि रानमोडी मात्र या ओळींत घालू नये. ती वेगळ्या जागी कुजवावी.

दगडांचा उपयोग कोकणाला शिकवायची गरज नाही. दगडावर दगड रचून, चुना-सिमेंटशिवाय उभा केलेला गडगा इथल्या प्रत्येक वाडीत दिसतो. कलमाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राच्या आकारात लहान गडगा रचला की वरून आलेली माती आणि ओल तिथे अडते.

चर खणण्याबाबत मात्र विचार हवा. सलग समतल चर हे दुष्काळी भागात पाणी मुरवण्याचे चांगले साधन आहे. जिथे पावसाळ्यात तीन मीटर पाणी पडते आणि उतार उभा आहे, तिथे जास्तीचे पाणी मातीत मुरवणे दरडीला निमंत्रण ठरू शकते. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातली गावे, २०२१ च्या जुलैमध्ये तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री पनवेलच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. या दुर्घटनांची कारणे एकसारखी नाहीत, पण पाण्याने जड झालेला मातीचा थर कातळावरून घसरतो हे त्या सगळ्यांत समान आहे.

मुळांचे महत्त्व इथे कळते. मोठे झाड तोडले आणि त्याचा बुंधा मेला, तर मुळे लगेच सुटत नाहीत, काही वर्षांत कुजत जातात. नव्या कलमांची मुळे तोवर खोल गेलेली नसतात. मधली ही काही वर्षे उताराला सर्वांत धोक्याची. जिवंत फुटव्याचा बुंधा मात्र आपली मुळे सोडत नाही. अगदी उभ्या चढावर आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर काहीही न तोडणे हेच बरे.

आधी सातबारा

डोंगराळ जमिनीचा सातबारा नीट वाचल्याशिवाय कोयता उचलू नये. इतर हक्कात खाजगी वनाची नोंद असेल, तर १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने अधिनियमाचा प्रश्न येतो. मालकीच्या जमिनीवरही साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ अशी अनुसूचीतली झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ही अट १९६४ च्या कायद्याची आहे. माथेरानभोवतीचा मोठा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि त्यात पनवेल तालुक्यातलाही भाग येतो. दुसऱ्या बाजूला, १९६८ मध्ये घोषित झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयात एक फेरी मारली की आपला गट नेमका कशात येतो ते कळते.

लागवड आणि त्यानंतर

खड्डे उन्हाळ्यात खणतात, काही आठवडे उन्हाने तापू देतात आणि पाऊस सुरू होण्याआधी वरच्या थरातली माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा घालून भरतात. पावसाने जोर धरला की जून-जुलैमध्ये कलमे बसवायची. काजूचा खड्डा साठ सेंटिमीटरचा पुरतो. १९९० मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजनेने कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनींवर आंबा-काजू आला, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने व वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दिलेल्या जातींनी त्याला बळ मिळाले. बांधाला करवंद, ओढ्याकडे अर्जुन आणि उंबर, मोकळ्या जागी आवळा, बेहडा, शिवण, करंज ही जोड फायद्याची.

बाहेरून आणलेल्या एकाच झाडाने डोंगर भरण्याचा मोह टाळावा. पुण्याच्या टेकड्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरिपुष्पाने हिरव्या केल्या गेल्या. ते झाड भराभर वाढले, पण त्याच्या गर्दीत इथली झाडे फारशी उगवली नाहीत, आणि आता त्याच टेकड्यांवर ते काढून देशी झाडे आणण्याचे प्रयत्न चालले आहेत.

लागवडीनंतरची तीन वर्षे तोडणीपेक्षा जास्त कष्टाची. श्रावण-भाद्रपदात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा बेणणी करावी लागते, नाहीतर गवत आणि वेली कलम गिळतात. बेणलेले गवत आळ्यात पसरले की उन्हाळ्यात ओल टिकते. फेब्रुवारीआधी हद्दीवर तीन-चार मीटर रुंद जाळरेषा काढून ठेवावी. गुरे आत येऊ नयेत म्हणून गावाशी बोलणे हे तारेच्या कुंपणाइतकेच कामाला येते. अहिल्यानगरजवळच्या (पूर्वीचे अहमदनगर) हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेत ठरवून पाळली, त्यामुळे तिथला उघडा डोंगर झाडांनी भरला.

महाराष्ट्रात २०१६ पासून पावसाळ्यातल्या वृक्षलागवडीचे आकडे कोटींत मोजले गेले: त्या वर्षी दोन कोटी, पुढे चार, तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस. त्यातली किती जगली, हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. ज्याच्याकडे दोनच एकर आहेत त्याला तो प्रश्न स्वतःच्या जमिनीपुरता सोडवता येतो. लागवडीच्या दिवशी प्रत्येक कलमाला आणि राखलेल्या प्रत्येक खुंटाला क्रमांक द्यावा, वहीत जागा लिहावी आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर पुन्हा मोजावे. जिथे कलम मेले आणि शेजारचा ऐन दोन पुरुष उंच झाला, तिथे दुसऱ्यांदा खड्डा खणण्याची घाई न करता त्या ऐनालाच जागा द्यावी. काजूची कलमे तोवर फळावर आलेली असतील, हापूसला आणखी दोन-तीन वर्षे लागतील, आणि राखलेल्या जाळ्यांवरची करवंदे दर मे महिन्यात टोपलीभर मिळत राहतील.